मंजिरीबरोबर डिंगलच्या टोकापर्यंत

आयर्लंडचा नकाशा बघितला तर नैर्ऋत्येला जमिनीची पाच बोटं अटलांटिकमध्ये शिरलेली दिसतात. त्यातलं सगळ्यात वरचं बोट म्हणजे डिंगल. वर्ध्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर युरोप काढताना हा कोपरा मी खडूच्या एका वेड्यावाकड्या रेघेत उरकून टाकायचे. मुलांना नॉर्वेचे फियॉर्ड पाठ असायचे. आयर्लंडबद्दल कुणी विचारत नसे आणि मीही सांगत नसे. त्या रेघेच्या अगदी शेवटी, डनक्वीन नावाच्या गावात, २०२१च्या जूनमध्ये मी चार दिवस राहून आले.

खरं तर मी आयर्लंडला गेले होते तीन महिन्यांसाठी. मुलगा अद्वैत सॉफ्टवेअरमध्ये, सून मंजिरी भूल देणारी डॉक्टर. दोघं ट्रलीला राहतात, कारण मंजिरीचं हॉस्पिटल तिथं आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये मी पोचले, मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचे वीस झाले. त्या काळात मी घरापासून किती लांब फिरायचं हे सरकार ठरवत होतं. आधी दोन किलोमीटर, मग पाच. समुद्र दहा किलोमीटरवर होता. मी टीव्हीवर बघायचे.

मंजिरीचे वडील वसंतराव, माझे व्याही, नागपूरला राहायचे. कॉलेजात ग्रंथपाल होते. एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, ते गेले. मंजिरीला तिकडे जाणं शक्य नव्हतं. मोक्षधामात फक्त तिच्या भावाला आत सोडलं आणि त्यानं मोबाइल उंच धरून जे दाखवलं तेवढं मंजिरीनं स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं. तिसऱ्या दिवशी ती ड्युटीवर गेली. रडली नाही. त्यानंतर दोन महिने ती आमच्याशी बोलायची, पण ते कसं, तर हॉटेलातल्या वेटरशी बोलावं तसं. मीठ द्या. झोपते. हो. नको.

जूनमध्ये तिच्या सिनिअरनं तिला सक्तीची सुट्टी दिली. अद्वैतचं ऑफिसचं काम अंगावर आलेलं, त्याला हलता येईना. "आई, तुम्ही दोघी जा," तो म्हणाला. मंजिरी "बरं" म्हणाली. ती कुठल्याही गोष्टीला बरंच म्हणत होती.

माझ्या मनात मात्र त्या प्रवासाची धास्ती होती. दोन महिने मी तिच्यापासून एक गोष्ट लपवली होती, आणि चार दिवस तिच्याबरोबर एकटीनं काढायचे म्हणजे ती कधीतरी तोंडातून निघणार हे मला ठाऊक होतं.

कॉनर पास

ट्रलीहून डिंगलला जायला दोन रस्ते आहेत. एक शहाण्या माणसांचा, दुसरा कॉनर पासचा. मंजिरीनं न विचारता दुसरा धरला.

घाट चढताना उजवीकडे खाली दरी उघडत जाते आणि तळाशी एकामागे एक तळी दिसतात, काळीशार, ताटात वाट्या मांडल्यासारखी. हिमनदीनं डोंगर खरवडून ती केली आहेत. मी हे पुस्तकातून शिकवलं होतं, पण ते पुढ्यात दिसल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि मी "ही बघ, हिमगव्हरं!" असं ओरडले. मंजिरीनं मान हलवली. डावीकडे कडा इतका जवळ की काच खाली करून हात काढला असता तर दगडाला लागला असता. रस्ता एका गाडीचा. झाडं नाहीतच. गवत, खडक, आणि पाठीवर निळ्या-लाल रंगाचे ठिपके मारलेल्या मेंढ्या. कुणाची मेंढी कुठली हे कळावं म्हणून रंग, अगदी आपल्याकडे बैलांच्या शिंगांना पोळ्याला लावतो तसा भडक.

वर पोचायला थोडं राहिलं असताना समोरून एक मोठी फिरती घरगाडी आली. इतक्या मोठ्या गाड्यांना त्या घाटात मनाई आहे, तशी पाटीही आहे, पण परदेशातून आलेल्या माणसानं ती वाचली नसावी. आता मागं जायचं कुणी? मागं जायला जागा होती ती आमच्याकडे, शंभरेक पावलांवर. मंजिरीनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोर. मी म्हटलं, "मंजू?" ती म्हणाली, "मला जमत नाहीये."

ही मुलगी रोज माणसांच्या घशात नळ्या घालते. तिच्या तोंडून ते शब्द मी कधी ऐकले नव्हते.

तेवढ्यात मागून एक म्हातारा शेतकरी चालत आला, कुत्रा घेऊन. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा दरीकडे बघितलं, आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून. "यू आर ग्रँड," तो म्हणाला. एक वीत मागं. "यू आर ग्रँड." आणखी एक वीत. शंभर पावलं तो असा उलटा चालला, आणि प्रत्येक पावलाला तेच शब्द. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्यदिव्य नव्हे. चहा ग्रँड असतो, पाऊस थांबला की ग्रँड, पाय मोडून प्लास्टर घातलं तरी माणूस ग्रँडच असतो. आपण "चाललंय बरं" म्हणतो ना, तेच. घरगाडी निघून गेल्यावर मंजिरी काच खाली करून त्याचे आभार मानायला लागली, तर तो हात झटकून कुत्र्याशीच काहीतरी बोलत वर चालू लागला.

खिंडीच्या माथ्यावर गाडी लावून आम्ही उतरलो. एका बाजूला तळी आणि उत्तरेचा समुद्र, दुसऱ्या बाजूला डिंगलचं बंदर. वारा इतका की माझ्या साडीचा पदर शिडासारखा उभा राहिला. मंजिरीनं तो पकडून माझ्या स्वेटरच्या आत खोचला. आणि म्हणाली, "ग्रँड." दोन महिन्यांत ती पहिल्यांदा, अगदी जरासं, हसली.

नोराचं घर

डिंगल गाव रंगीत आहे. पिवळं दुकान, त्याला चिकटून जांभळं, पुढे लाल. बंदरात वर्षानुवर्षं एक डॉल्फिन राहत होता, तो आदल्या शरदात नाहीसा झाला, तरी त्याची चित्रं पाट्यांवर होतीच. हॉटेलात आत बसायची अजून परवानगी नव्हती, म्हणून फुटपाथवर टेबलं मांडलेली. तिथं मी चिप्स खाल्ल्या आणि मंजिरीनं मासा. एका धीट समुद्रपक्ष्यानं माझ्या हातातली चिप उचलून नेली, त्याचं मला वाईट वाटण्यापेक्षा कौतुकच जास्त वाटलं.

तिथून डनक्वीन वीस मिनिटांवर. आम्ही घेतलेलं दोन खोल्यांचं घर नोरा नावाच्या बाईंच्या घरामागं होतं. मधे कमरेएवढी दगडी भिंत. नोरा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उंच, पुरुषी बूट घातलेल्या. कोविडमुळे हात न मिळवता त्या भिंतीपलीकडूनच बोलायच्या, आणि ती भिंतच आमच्या चारी दिवसांची बैठक झाली. हा भाग गेलिक भाषेचा. रस्त्यावरच्या पाट्यांवर इंग्रजी नाहीच. नोरा आमच्याशी इंग्रजीत बोलत, पण कोंबड्यांशी, कुत्र्याशी आणि स्वतःशी गेलिकमध्ये. मंजिरीला त्या पहिल्या क्षणापासून "अ ख्री" म्हणायला लागल्या. म्हणजे काय विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "माझं काळीज."

कुंपणाला फुशियाची लाल फुलं लोंबत होती, कानातल्या डुलांसारखी. "यांना आमच्या भाषेत देवाचे अश्रू म्हणतात," नोरा म्हणाल्या. "देव रडत असेल तर भरपूर रडतो. सगळं द्वीपकल्प लाल होतं."

संध्याकाळी मला त्यांच्या वाफ्यात मोठ्या पानांची, लालसर देठांची एक भाजी दिसली. नोरा म्हणाल्या, "रुबार्ब. हवी तेवढी घ्या, फार आंबट असते." आंबट म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आम्हा वैदर्भीयांना आंबट पाला म्हणजे अंबाडी. मी चांगली पदरभर पानं खुडली, देठ टाकून दिले, आणि भिंतीवर बसून निवडायला लागले. तेवढ्यात नोरा घरातून धावत आल्या.

"सुधा! काय करताय?"

"भाजी."

"पानं विषारी असतात हो! देठ खायचे, देठ!"

मंजिरी दारात आली होती. तिनं माझ्या मांडीवरच्या ढिगाकडे आणि कचऱ्यात टाकलेल्या देठांकडे बघितलं. "आई, तुम्ही मला सुट्टीत मारायला आणलंत का?" ती म्हणाली. मग तिनंच देठ उचलले, धुतले, बारीक चिरले. मी सोबत आणलेली तूरडाळ शिजवली, तांदळाची कणी घातली, हिरवी मिरची, दाणे, वरून लसणाची सढळ फोडणी. अगदी अंबाडी नाही, पण अंबाडीची चुलत बहीण तरी नक्की. एक वाटी भिंतीवर ठेवली. नोरांनी पहिला घास घेतला, खोकल्या, डोळे पुसले आणि वाटी संपवली. बदल्यात सोड्याचा गरम पाव आला, वर बोटभर लोणी. भाकरीची आठवण काढत आम्ही तोच भाजीशी खाल्ला.

जेवताना मंजिरी म्हणाली, "बाबांना आवडली असती." मी "हो" म्हटलं. त्यापुढे बोलायचं धाडस मला झालं नाही.

टोकाचा रस्ता

दुसऱ्या दिवशी आम्ही द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालणारा रस्ता धरला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. एके ठिकाणी ओढा रस्त्याच्या वरूनच वाहतो, पूल नाही. गाडी पाण्यातून काढायची. डोंगरावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या, हजार वर्षांपूर्वीच्या. पुढे गॅलरसचं प्रार्थनाघर. उलट्या होडीच्या आकाराचं, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आत अंधार आणि कोरडं. इतक्या शतकांच्या पावसात त्यात थेंब गळलेला नाही म्हणतात. मी भिंतीवर हात फिरवून बघितला, खरंच कोरडी होती.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या त्या मात्र डोंगरउतारावरच्या रेघा. कोवळं ऊन तिरपं पडलं की गवताखाली वाफ्यांच्या ओळी दिसतात, केसांत कंगवा फिरवल्यासारख्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाटा सडला, दुष्काळ पडला, माणसं मेली किंवा जहाजांत बसून गेली. त्यानंतर ते वाफे कुणी पुन्हा लावलेच नाहीत. आमच्याकडच्या काळ्या मातीत दगड शोधावा लागतो. इथल्या लोकांनी खडकावर समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून माती केली होती. इतक्या कष्टानं केलेली माती सोडून जाताना त्यांना काय वाटलं असेल, असं मी म्हणाले. मंजिरी म्हणाली, "निदान ते निघाले तरी."

डनक्वीनसमोर समुद्रात ब्लॅस्केट बेटं आहेत. त्यातलं एक अगदी उताणं झोपलेल्या माणसासारखं दिसतं. कपाळ, नाक, छाती, पोटावर जुळवलेले हात. नाव विचारायला नको होतं, पण परत आल्यावर मी विचारलं. "मेलेला माणूस," नोरा म्हणाल्या. संध्याकाळचे सहा वाजले होते, भिंतीवर चहाचे कप, आणि तिथल्या जूनप्रमाणे ऊन दुपारसारखं लख्ख.

मोठ्या बेटावर पूर्वी गाव होतं. दीडेकशे माणसं, होड्या, शाळा. तरुण पोरं अमेरिकेला जात राहिली आणि शेवटी विसेक माणसं उरली. १९५३ साली सरकारनं त्यांना अलीकडे आणून वसवलं. "मी दहा वर्षांची होते," नोरा म्हणाल्या. "त्या बायका आमच्या शेजारी राहायला आल्या. आमच्याकडे झाडाला सफरचंदं होती, ती बघायला त्या यायच्या."

"का सोडलं त्यांनी?" मंजिरीनं विचारलं.

"त्याच्या काही वर्षं आधी एक मुलगा आजारी पडला. विशी-बाविशीचा. डोकं दुखतंय म्हणाला. हिवाळा होता, समुद्र खवळलेला, होडी निघेना. बेटावर एक टेलिफोन होता, तोही बंद पडला. माझी आई सांगायची, समोर दिसत होतं सगळं. त्यांच्या चुलींचा धूर दिसायचा. तीन मैल पाणी. पण डॉक्टर जाऊ शकला नाही. पोरगा गेला, आणि शवपेटी न्यायलाही कित्येक दिवस लागले. त्यानंतर त्या लोकांचं मन उडालं."

मंजिरी बेटाकडे बघत होती. "मेंदूज्वर असणार," ती हळूच म्हणाली.

"तसंच म्हणतात, अ ख्री." मग नोरांनी स्वतःबद्दल सांगितलं. आदल्या वर्षी, लॉकडाऊनमध्ये, त्यांचे यजमान गेले. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी. मुलं बॉस्टनला, फोनवर बघत होती. "पण गाडी इथून निघाली ना, तर सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं. भिंतीला धरून, दोन-दोन मीटर अंतर ठेवून. कुणी बोललं नाही. नुसते उभे. मी काचेतून एकेकाचा चेहरा बघितला." मग त्यांनी मंजिरीकडे बघितलं. "तुझं कोण गेलं?"

आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"वडील," मंजिरी म्हणाली.

"तुझ्या दुःखात मी आहे," नोरा म्हणाल्या. तिकडे सांत्वनाचे शब्द ठरलेले असतात, आणि ते ठरलेले असतात हेच बरं. मग कोंबड्या आत घालायच्या निमित्तानं त्या निघून गेल्या.

आम्ही दोघीच उरलो. मंजिरी भिंतीवरचा दगड अंगठ्यानं घासत होती.

"त्यांचा फोन बंद होता, आई," ती म्हणाली. "माझा चालू होता."

मी कप उचलला.

"त्या दिवशी सकाळी मी बाबांशी व्हिडिओवर बोलले. ऑक्सिजन किती विचारलं, ते म्हणाले पंच्याण्णव. मी म्हटलं छान, पालथे झोपा, आणि फोन ठेवला. मी भूलतज्ज्ञ आहे. माझं कामच श्वास बघायचं. त्यांच्या मानेचे स्नायू बघायला हवे होते, नाकपुड्या बघायला हव्या होत्या. मी आकडा ऐकला आणि ठेवला. घाई होती मला."

मी बोलले नसते तरी चाललं असतं. ते ओझं ती आयुष्यभर वाहत राहिली असती आणि मी तिला चहा करून देत राहिले असते. मी कप खाली ठेवला.

"मंजू, आकडा एकोणनव्वद होता. मला माहीत होतं."

तिनं मान वळवली.

"तुझ्या फोननंतर, दुपारी, त्यांनी मला फोन केला. म्हणाले, तिला पंच्याण्णव सांगितलं, पण आहे एकोणनव्वद. तिला सांगू नका, ती ड्युटी करून राहिली. मी म्हटलं, बरं. तू रात्री आलीस, जेवलीस, झोपलीस. मी ठरवलं सकाळी सांगते. पहाटे तुझ्या भावाचा फोन आला."

एकेक शब्द वेगळा करत ती म्हणाली, "नागपुरात माझी अख्खी बॅच आहे, आई. मी दहा फोन केले असते. कुठेतरी बेड मिळाला असता."

"हो."

"मिळाला असता किंवा नसता. पण मी फोन केले असते."

"हो," मी म्हटलं. वसंतरावांनी शपथ घातली नव्हती. मी घाबरले होते, इतकंच खरं होतं. तिच्या ड्युटीला जपलं असं मी दोन महिने स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे दमून आलेल्या मुलीला ती बातमी सांगायची हिंमत मला झाली नव्हती. हेही मी तिला सांगितलं.

ती उठली आणि धक्क्याच्या दिशेनं चालायला लागली. डनक्वीनचा धक्का कड्याखाली आहे, तिथं उतरणारी वाट सापासारखी वळणं घेत जाते. मी वरून बघत राहिले. ती शेवटच्या पायरीवर जाऊन बसली, दीड तास. मी तिच्यामागं गेले नाही. गेले असते तर ते माझ्यासाठी गेले असते.

परत आल्यावर तिनं आपलं ताट घेतलं, ओट्याशी उभ्यानं खाल्लं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बेट

तिसऱ्या दिवशी आमचं बेटावर जायचं तिकीट होतं. मला वाटलं आता बॅगा भरायच्या. सकाळी उठले तर ती बूट घालत होती. "बोट दहाची आहे," ती म्हणाली. "आतून लोकरीचं घाला."

बोट लहान, मास्क लावलेली आठ-दहा माणसं. समुद्र शांत आहे असं बोटवाला म्हणाला. माझ्या पोटाचं मत वेगळं होतं. बेटाला बंदर नाही, बोटीतून रबरी होडीत उतरायचं आणि होडीतून शेवाळलेल्या दगडी उतरंडीवर. माझा पाय घसरला. गुडघ्यापर्यंत अटलांटिकमध्ये गेले, आणि मंजिरीनं मला दंडाला धरून असं उचललं की बोटवाला "वा!" म्हणाला. तिनं वर नेऊन मला बसवलं, बूट काढले, मोजे पिळले, स्वतःचे कोरडे मोजे मला चढवले.

बेटावर आता कायमचं कुणी राहत नाही. चढावर घरं आहेत, बहुतेकांना छप्पर नाही. चुलीच्या जागी गवत, खिडकीच्या जागी समुद्र. मेंढ्या या खोलीतून त्या खोलीत जातात. खाली पांढऱ्या वाळूवर शेकड्यांनी सील पडलेले, आणि त्यांचं विव्हळल्यासारखं ओरडणं वाऱ्याबरोबर वर येत होतं. पलीकडे डनक्वीन इतकं स्वच्छ दिसत होतं की मी नोरांची दोरीवरची पांढरी चादर ओळखली. एवढंच अंतर. इथून ते रोज तिकडे बघत असणार.

एका घराच्या उंबऱ्यावर आम्ही बसलो. मी डब्यातले पोहे काढले. मंजिरीनं घेतले नाहीत.

"किती वेळ बोलले बाबा?" तिनं एकदम विचारलं.

"पंधराएक मिनिटं."

"पंधरा मिनिटं?" तिच्या कपाळावर आठी आली. "तुम्ही तर काल दोन वाक्यं सांगितलीत. बाकीचं काय बोलले?"

मला हे सुचलंच नव्हतं. दोन महिने मी त्या फोनमधली चूक तेवढी उराशी धरून बसले होते. त्यात त्यांचं बाकीचंही बोलणं होतं, ते तिचं होतं आणि ते मी तिला दिलंच नव्हतं.

"शब्द न् शब्द सांगा," ती म्हणाली. "त्यांच्यासारखं."

मी आठवून आठवून सांगायला लागले. "म्हणाले, विहीणबाई, वसंत बोलतो. मंजू घरी नाही नं? बरं झालं. मग ते आकड्याचं बोलले. मधेमधे थांबत होते. मी म्हटलं बोलू नका, दम लागतोय. तर म्हणाले, आयुष्यभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलं, आता मला बोलू द्या."

मंजिरीच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला.

"म्हणाले, ती दुसऱ्यांचे श्वास सांभाळून राहिली, तिचा हात हलला नाही पाहिजे. मग विचारलं, ती उभ्यानं जेवते का अजून? मी म्हटलं, ओट्याशी उभी राहून. तर म्हणाले, लहानपणापासूनची खोड आहे, तिच्या आईनं मार मार मारलं पण गेली नाही. तुम्ही तिला बसवून जेवायला घाला. रागावेल, पण घाला. मग विचारलं, तिथं आता ऊन आहे का. मी म्हटलं आहे. म्हणाले, बरं."

"आणि?"

"आणि तुझ्या मेडिकलच्या ॲडमिशनचं सांगितलं. यादीत नाव बघून ते सायकलवर घरी निघाले. इतका खूश होतो म्हणाले, की घर आलं ते कळलंच नाही, पुढे निघून गेलो. चौकातून वळून परत आलो, तर पुन्हा घर ओलांडून गेलो. दोनदा. तिला कधी सांगितलं नाही, म्हणाले. घरी येऊन नुसतं म्हटलं, ठीक आहे, अभ्यास कर."

"ठीक आहे, अभ्यास कर," मंजिरी म्हणाली. "असंच म्हणाले होते." आणि तिचा चेहरा हळूहळू मोडला. ती रडली. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, मूल रडतं तशी. सील खाली ओरडत होते, तिचा आवाज त्यांच्यात मिसळून गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला. थोड्या वेळानं मी पुन्हा ठेवला, तेव्हा राहू दिला.

"मी अजून चिडलेय तुमच्यावर," ती म्हणाली.

"चीड."

"खूप दिवस चिडणार आहे."

"मी ऑक्टोबरपर्यंत आहे इथं," मी म्हटलं. "नंतर फोनवर चीड."

तिनं नाक पुसलं, डबा ओढून घेतला, आणि उंबऱ्यावर बसल्याबसल्या सगळे पोहे खाऊन टाकले. माझ्या वाटणीचेसुद्धा.

परतीच्या बोटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. इंजिन धडधडत होतं, वाऱ्यानं कान बधिर झाले होते, तोंडावर खारं पाणी उडत होतं. मंजिरी माझ्या कानाशी येऊन ओरडली, "परत सांगा!"

"काय?"

"सायकलचं!"

मग मी त्या अटलांटिक महासागरात, मास्कच्या आतून, वर्ध्याच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात ओरडून सांगितलं की वसंतराव किती खूश होते, आणि कसे घर ओलांडून पुढे गेले, आणि चौकातून वळून परत आले. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "दोनदा!" मी ओरडले आणि दोन बोटं वर केली. "दोनदा गेले, मंजू!"

ती हसत होती. डोळ्यांतलं पाणी कुठलं आणि समुद्राचं कुठलं, ते कळत नव्हतं. तिनं माझी वर केलेली दोन बोटं धरली आणि त्यातलं एक हळूच मिटवलं.

"एकदाच गेले असतील, आई," ती म्हणाली. "बाबा आकडा नेहमी वाढवूनच सांगायचे."